जुने फोटो: आधी नीट स्कॅन, मग रंग

प्रश्न: आजोबांचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. कसा सोडवू?

सोडवूच नका. ओलीने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवरच राहील. मागचे खिळे-पुठ्ठा काढा, काच बाहेरून कोरड्या कापडाने पुसा आणि काचेसकट स्कॅन करा. पातळ सीआयएस स्कॅनरला त्याच्या काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, त्यावर चित्र धूसर येतं. म्हणून जरा खोलवरचंही टिपणारा सीसीडी स्कॅनर शोधा.

प्रश्न: फोटो ब्लॅक अँड व्हाइटच आहे. मग ग्रेस्केल स्कॅन चालेल ना?

नाही. रंगीतच करा: ६०० डीपीआय म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके (पासपोर्टएवढ्या फोटोला १२००), ४८ बिट म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा, आणि दर्जा न घटवणारी टिफ फाइल. रंगीत स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा, म्हणजे चॅनलचा, बनतो. चहाचे, ओलीचे पिवळट डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसतात, लालमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. नुसता लाल चॅनल घेतला की निम्मं काम तिथेच उरकतं. अख्खा फोटोच पिवळा पडून फिकटला असेल तर मात्र उलट. तेव्हा निळ्या चॅनलमध्ये तपशील जास्त सापडतो.

ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह स्कॅन करताना धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेवा. त्यातलं चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं.

प्रश्न: रंग भरणाऱ्या अ‍ॅपने पणजीचं कुंकू काळंच ठेवलं आणि लुगडं विटकरी केलं. असं का?

दोष निम्मा अ‍ॅपचा, निम्मा जुन्या प्लेटचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्हचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बहुतेक प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, निळा मात्र भरपूर दिसे. म्हणून कुंकू आणि लाल पगडी काळी येते, निळं आकाश पांढरं. अ‍ॅप शिकलंय ते बहुतांशी आजच्या फोटोंवर. त्याला हे कुठून कळणार? फोटोतलं गडद लुगडं लाल असू शकतं आणि फिकट दिसणारं चक्क निळं. पेटीत तेच लुगडं असेल तर रंग त्यावरूनच घ्या.

फोटो-एडिटरमध्ये हाताने रंगवताना प्रत्येक रंगाला वेगळा लेयर (फोटोवरचा थर), ब्लेंड मोड ‘कलर’ (खालचा उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग चढवणारा). पण काळ्यावर या मोडमध्ये रंग चढतच नाही. कुंकवाभोवती मास्क करून (बाकीचा भाग झाकून) कर्व्हज या उजेड कमी-जास्त करणाऱ्या साधनाने तेवढा भाग आधी उजळा, मग लाल भरा. त्वचेला एकच तपकिरी फासू नका, मेणाचा पुतळा दिसतो. कान, नाकाचा शेंडा आणि ओठ जरा लालसर हवेत.

प्रश्न: धूसर चेहरा एआयने स्पष्ट करावा का?

आमचं मत: नको. ते चेहरा स्पष्ट करत नाही, अंदाजाने नवे डोळे बसवतं. देवीचे व्रण, कपाळावरचं गोंदण डाग म्हणून पुसून टाकतं. करायचंच असेल तर वेगळ्या लेयरवर, ३० टक्के ओपॅसिटीने (म्हणजे खालचा मूळ चेहरा दिसत राहील इतकं फिकट), आणि मूळ स्कॅनला हात न लावता.