वाचकांचे प्रश्न : ग्रां प्रीत सर्वाधिक जिंकलं कोण?

बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या ग्रां प्री मालिकेबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. मी मूळची सांगलीची, गेली बावीस वर्षं कॅनडात मिसिसागाला राहते. मुलीला क्लबच्या रिंकवर सोडायला जाता जाता या खेळाचं वेड लागलं. तेव्हापासून प्रत्येक मोसमाचे निकाल एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवते. उत्तरं त्या वहीतूनच देते आहे.

प्रश्न : ग्रां प्रीतला सर्वांत यशस्वी स्केटर म्हणून एकीकडे प्लुशेन्कोचं नाव वाचलं, दुसरीकडे हान्यूचं. दोन्ही खरं कसं? (नाशिकचे एक वाचक)

दोन्ही खरं आहे. मोजणाऱ्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत, एवढंच.

आधी रचना सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा आठवड्यांत सहा स्पर्धा होतात: अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, जपान, चीन आणि रशिया. रशियातली स्पर्धा 2022 पासून मालिकेबाहेर आहे, अलीकडे तिच्या जागी फिनलंडमध्ये स्पर्धा होते. एका खेळाडूला जास्तीत जास्त दोन स्पर्धा मिळतात. पहिल्याला 15 गुण, दुसऱ्याला 13, तिसऱ्याला 11, चौथ्याला 9, अशी उतरंड. बेरजेत वरचे सहा जण डिसेंबरच्या फायनलला जातात. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी आजच्या नियमांत एका मोसमात तीनच जेतेपदं हाती लागतात.

सगळी जेतेपदं मोजली, तर रशियाचा येवगेनी प्लुशेन्को 22 जेतेपदांसह सर्वांच्या पुढे आहे. नुसत्या फायनल मोजल्या, तर त्याच्या चार आणि जपानच्या युझुरु हान्यूच्याही चार. हान्यूच्या मात्र लागोपाठ आहेत, 2013 ते 2016. पुरुषांत दुसऱ्या कुणाला ते जमलेलं नाही. इल्या मलिनिनने 2023, 2024 आणि 2025 अशा तीन ओळीने घेतल्या आहेत, तेव्हा त्या पानाखाली मी जागा मोकळी ठेवली आहे.

महिलांत इरिना स्लुत्स्कायाची 17 जेतेपदं, त्यांत चार फायनल. फायनलच्या आकड्यात माओ आसादा तिच्या बरोबरीला आहे. या दोघींची गाठ 2005च्या डिसेंबरात टोकियोच्या फायनलला पडली. स्लुत्स्काया तेव्हाची जगज्जेती, रक्तवाहिन्यांच्या आजारातून उठून पुन्हा शिखरावर पोचलेली. आसादा पंधरा वर्षांची. जिंकली आसादा! आणि दोन महिन्यांनी तुरिनला ऑलिंपिक झालं, त्यात ती नव्हती. 1 जुलै 2005 च्या आधी पंधरा पूर्ण हवीत असा नियम होता, आणि तिचा वाढदिवस 25 सप्टेंबरचा. मला आजही त्याची हळहळ वाटते.

पण मला विचाराल तर सर्वांत अवघड विक्रम जोडी प्रकारातला आहे. चीनचे शेन श्वे आणि झाओ होंगबो यांच्या सहा फायनल. पहिली 1998-99 च्या मोसमात, सहावी डिसेंबर 2009 मध्ये टोकियोला. मध्ये दोन मोसमांहून जास्त काळ ते स्पर्धेत नव्हते, लग्न करून संसाराला लागले होते. परत आले तेव्हा ती 31 वर्षांची, तो 36 चा. जोडीत पुरुषाला जोडीदारीण डोक्यावर उचलायची असते, हवेत फेकायची असते, आणि हे सगळं चार-पाच मिलिमीटरच्या पात्यावर उभं राहून. छत्तिसाव्या वर्षी त्या माणसाच्या खांद्यांचं काय होत असेल, हा विचार मी तेव्हाही करत होते. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी व्हँकूव्हरला ऑलिंपिक सुवर्णही घेतलं. अल्योना सावचेन्कोच्या नावावर पाच फायनल आहेत: चार रॉबिन झोल्कोवीबरोबर, पाचवी ब्रुनो मासोबरोबर. जोडीदार बदलून पुन्हा तिथवर पोचणं हेही सोपं नाही.

प्रश्न : व्हर्च्यू आणि मोयर यांना आइस डान्समध्ये (जोडीने बर्फावर करायच्या नृत्यप्रकारात) सर्वश्रेष्ठ मानतात. मग त्यांच्या नावावर फायनल एकच कशी? (ठाण्याच्या एक वाचक)

कारण समोर डेव्हिस आणि व्हाइट होते. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकी जोडीने 2009 ते 2013 अशा पाच फायनल सलग जिंकल्या. कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोयर त्यांतल्या चारांत दुसरे आले. 2010 ला टेसाच्या पायाच्या दुखण्यामुळे ते उतरलेच नाहीत.

दोन्ही जोड्या त्या काळात मिशिगनमध्ये कँटन गावच्या एकाच रिंकवर, एकाच प्रशिक्षिकेकडे, मरिना झुयेवांकडे शिकत होत्या. रोज सकाळी ज्यांच्या शेजारून सराव करत जायचं, त्यांच्याशीच डिसेंबरात लढायचं. 2010 चं ऑलिंपिक सुवर्ण कॅनडाच्या जोडीने घेतलं, 2014 चं अमेरिकेच्या. मग व्हर्च्यू-मोयर दोन मोसम थांबले, 2016 ला परतले आणि त्या डिसेंबरात मार्सेला फायनल पहिल्यांदा जिंकले. पुढच्या वर्षी नागोयाला फ्रान्सच्या पापादाकिस-सिझरोनने त्यांना मागे टाकलं. दोन महिन्यांनी प्योंगचांगचं ऑलिंपिक सुवर्ण पुन्हा व्हर्च्यू-मोयरचं. एका फायनलवरून त्यांना कमी लेखणं मला पटत नाही. पण डेव्हिस-व्हाइटच्या पाच फायनल लोक विसरतात, तेही पटत नाही.

प्रश्न : हान्यूचे 330.43 गुण मोठे की नेथन चेनचे 335.30? (पुण्याचे एक वाचक)

वहीत मी हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर ठेवले आहेत. 2018-19 च्या मोसमापासून गुणांची पद्धत बदलली. आधी प्रत्येक घटकाच्या (उडी, गिरकी वगैरे) दर्जाला पंच उणे तीन ते अधिक तीन द्यायचे, आता उणे पाच ते अधिक पाच देतात. पुरुषांचा फ्री स्केट, म्हणजे दोन कार्यक्रमांतला दुसरा, लांबचा, साडेचार मिनिटांवरून चारवर आला, त्यातल्या उड्या आठावरून सातवर. त्यामुळे जुने विक्रम ऐतिहासिक म्हणून बाजूला ठेवले गेले आणि पाटी कोरी झाली. चेनचे 335.30 हे डिसेंबर 2019 मध्ये तुरिनच्या फायनलचे. त्याच्या फ्री स्केटमध्ये चार फेऱ्यांच्या उड्या पाच होत्या, आणि दुसरा आला तो हान्यूच.

आकडा म्हणून चेनचा मोठा. पण धक्का म्हणून हान्यूचा. नोव्हेंबर 2015, नागानोची एनएचके ट्रॉफी, म्हणजे मालिकेतली जपानची स्पर्धा. जपानची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडची पहाट, मी गॅसवर चहा ठेवून पडद्यासमोर बसले होते. तोवर जगातली सर्वोच्च बेरीज कॅनडाच्या पॅट्रिक चॅनची 295.27 होती, तीनशे कुणी ओलांडलेच नव्हते. पडद्यावर 322.40 आले. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि तेच पुन्हा लिहिलं. चहा उतू गेला. त्या पानावर ती खाडाखोड अजून आहे. दोन आठवड्यांनी बार्सिलोनाच्या फायनलला त्याने तोच विक्रम 330.43 वर नेला.

प्लुशेन्को आणि स्लुत्स्काया यांची बरीचशी जेतेपदं तर त्याही आधीच्या, सहापैकी गुण देण्याच्या काळातली आहेत. ती पद्धत ग्रां प्रीतून 2003 ला गेली. म्हणून काळ बदलला की मी जेतेपदं मोजते, गुण नाही.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग करते. लागोपाठ तीन स्पर्धांत दुसरी आली आणि आता सरावाला जायचं नाही म्हणते. हान्यूसारखे खेळाडू कधी दुसरे येतात का हो? (कोल्हापूरच्या एक आई)

येतात ताई, आणि हान्यू तर कॅनडाच्या स्पर्धेत तीनदा दुसरा आला. 2013, 2015 आणि 2016. तिन्ही वेळा पहिला पॅट्रिक चॅन.

2014 तर याहून वाईट होतं. शांघायला फ्री स्केटआधीच्या सहा मिनिटांच्या सरावात चीनचा यान हान आणि तो समोरासमोर आदळले. हनुवटीला आणि डोक्याला पट्ट्या बांधून हान्यू उतरला, पाचदा पडला आणि दुसरा आला. पुढे जपानमध्ये चौथा. 13 आणि 9 मिळून 22, सहावा म्हणून कसाबसा फायनलला गेला, आणि तिथे दुसऱ्यापेक्षा चौतीस गुणांनी पुढे राहून जिंकला. (डोक्याला मार लागल्यावर खेळू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीला त्यातलं तेवढं सांगू नका.)

2016 ची स्पर्धा आमच्या मिसिसागातच होती, हर्शी सेंटरमध्ये. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि बर्फावर पडलेली फुलं-खेळणी गोळा करणाऱ्या मुलांत तिची निवड झाली होती. हान्यूचा कार्यक्रम संपला आणि चारही बाजूंनी त्याच्या लाडक्या विनी द पूची पिवळी खेळण्यातली अस्वलं पडायला लागली. ती मुलं दोन्ही हातांनी कवटाळून नेत होती, तरी संपेनात. निकाल लागला: चॅन पहिला, हान्यू दुसरा. घरी येताना गाडीत मुलीने विचारलं, "आई, हरलेल्याला इतकी अस्वलं?" मी म्हटलं, हो, लोकांना त्याचं स्केटिंग आवडलं. तिने दोन दिवस शाळेत तेच सांगितलं.

कॅनडाची स्पर्धा त्याने शेवटी 2019 मध्ये केलोनाला जिंकली, 322.59 गुणांनी. दुसरा आलेला नाम न्युएन जवळपास साठ गुणांनी मागे होता. पहिल्यांदा दुसरा आला होता त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

तुमच्या मुलीच्या चाकांवरही अ‍ॅक्सेल अ‍ॅक्सेलच असतो आणि साल्को साल्कोच, उड्यांची नावं बहुतेक तीच. तिला कॅनडाच्या त्या चारही वर्षांचे हान्यूचे फ्री स्केट ओळीने दाखवा, 2013 पासून सुरू करून. तिची कोणती उडी अडते आहे ते मला लिहून कळवा.