कल्पित राज्याची मराठी: ‘सुभा’, ‘शनिवार’ आणि ‘घरजावई’ यांचे काय करावे?

प्रश्न: बडोद्याच्या एका तरुण लेखिकेने विचारले आहे की, तिच्या अद्भुतरम्य कादंबरीतले राज्य पूर्णपणे कल्पित असून तिथे आकाशात दोन चंद्र आहेत, आठवडा पाच दिवसांचा आहे आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. हस्तलिखित वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी तिला असे सुचवले आहे की, ज्या जगात इराण आणि अरबस्तान नाहीत तिथे ‘हवा’, ‘जमीन’, ‘शहर’, ‘दरवाजा’ हे शब्द येता कामा नयेत आणि सर्वत्र संस्कृत शब्द योजावेत. हे योग्य आहे का, अधिकाऱ्यांना, कालमापनाला आणि नात्यांना कोणते शब्द वापरावेत, आणि शेवटी शब्दसूची द्यावी का?

उत्तर: स्नेह्यांचा सल्ला मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जगात इराण नाही, त्या जगात भारतही नाही. तेव्हा फारसी शब्दाला दार बंद करणारा तर्क संस्कृत शब्दालाही लागू होतो आणि शेवटी कादंबरी कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही. तुमची पात्रे त्यांची भाषा बोलतात आणि तुम्ही ती आम्हाला मराठीत सांगता, हा लेखक आणि वाचक यांच्यातला मूळ करार आहे. त्यामुळे एखादा शब्द कुठून आला हे तपासण्यापेक्षा तो वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे तपासावे. ‘हवा’ वाचून कोणालाही अरबस्तान आठवत नाही आणि ‘दरवाजा’ वाचून इराण आठवत नाही. याउलट ‘पेशवा’ म्हटले की शनिवारवाडा दिसतो, आणि तिथे तुमचे राज्य क्षणात पुसले जाते.

अधिकाऱ्यांच्या नावांच्या बाबतीत ही कसोटी फार उपयोगी पडते, कारण तिथे शुद्धतेचा मोह सर्वांत जास्त असतो. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला. रघुनाथपंडितांचा राज्यव्यवहारकोश हे त्या प्रयत्नाचे फळ. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव झाला, डबीराचा सुमंत झाला आणि पेशव्याला पंतप्रधान म्हटले गेले. नवे राज्य उभे करताना त्याला स्वतःची भाषा द्यावी लागते ही जाण त्यामागे होती, आणि कल्पित राज्य उभारणाऱ्या लेखकाने हा कोश अवश्य अभ्यासावा. पण आज ‘पंतप्रधान’ वाचला की दिल्ली आठवते आणि ‘सचिव’ वाचला की मंत्रालयातले टेबल. दोन्ही शब्द संस्कृत वळणाचे असूनही तुमच्या कामाचे राहिलेले नाहीत. ‘डबीर’ मात्र फारसी असूनही, आडनाव म्हणून परिचित असलेल्यांखेरीज इतरांच्या मनात कोणतेच चित्र उभे करत नाही. म्हणून एखाद्या पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तो निःशंकपणे घ्यावा.

तुम्ही बडोद्याच्या आहात, तेव्हा घरचाच साठा आधी पाहावा. गायकवाडी राज्यात प्रांताच्या प्रमुख अधिकाऱ्याला ‘सुभा’ म्हणत आणि महालाच्या, म्हणजे तालुक्याच्या, प्रमुखाला ‘वहिवाटदार’. पुण्याकडच्या वाचकाला ‘सुभा’ म्हणजे मुलूख आणि त्याचा अधिकारी तो सुभेदार, असे वाटते. त्यामुळे ‘सुभा घोड्यावरून उतरला’ हे वाक्य तिथे अडखळवेल. तो अडखळा तुम्हाला हवा असेल तर ठेवावा. ‘वहिवाटदार’ मात्र मला तुमच्यासाठी जवळजवळ आदर्श वाटतो. वहिवाट हा शब्द सर्वांना कळतो, त्यामुळे अर्थ लागतो, पण बडोद्याबाहेरच्या वाचकाच्या मनात त्याला चिकटलेला दरबार किंवा पोशाख नसतो, आणि तो दरबार व पोशाख मग तुम्हाला हवा तसा घडवता येतो. महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या काळात सिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ (१९३१) हा अनेक भाषांतले कारभारी शब्द शेजारी शेजारी मांडणारा कोश आहे. तो एकदा चाळलात तर असे अनेक शब्द हाती लागतील.

कालमापनाकडे वळू. ‘शनिवार’ चालणार नाही, कारण आपले वार ग्रहांच्या नावांवर आहेत आणि ते ग्रह तुमच्या आकाशात नाहीत. ‘महिना’ चालेल, त्यातला चंद्रवाचक फारसी ‘माह’ आज कोणालाही ऐकू येत नाही. ‘आठवडा’ मात्र अडचणीचा आहे, कारण त्यातला ‘आठ’ उघड दिसतो आणि तुमचा आठवडा पाच दिवसांचा आहे. पण आठवडा आणि पंधरवडा हे शब्द ज्या साच्यातून आले, त्याच साच्यातून ‘पाचवडा’ सहज निघतो, आणि मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘मिनिट’ वापरायचे की नाही हे तुमच्या जगात यांत्रिक घड्याळ आहे की नाही यावर ठरवा. नसेल तर घटका आणि प्रहर आहेतच: घटका चोवीस मिनिटांची, अशा साठ घटकांची एक अहोरात्र, आणि प्रहर तीन तासांचा.

दोन चंद्रांचा प्रश्न शब्दापुरता राहत नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढण्याचा काळ. चंद्र दोन असतील तर तिथीही दोन, आणि ‘पौर्णिमा’ म्हटल्यावर कोणत्या चंद्राची, हा प्रश्न आलाच. इथे शब्द टाळू नका, उलट वाद होऊ द्या. दोन गणना एका गल्लीत नांदतात हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. आपल्या घरी गुढीपाडव्याला शके बदलते आणि शेजारच्या गुजराती घरी दिवाळीनंतर संवत बदलतो. शके १९४६ च्या चैत्रात शेजारी संवत २०८० चालू होता आणि त्याच शकाच्या कार्तिकात २०८१ लागला. अशा गणनेतून दस्तऐवजांचे घोळ, मुहूर्तांचे तंटे आणि थोरल्या-धाकट्या चंद्राचे भक्त सहज निर्माण होतात.

आता नात्यांचे शब्द. माझ्या मते तुमच्या कादंबरीची खरी परीक्षा इथे आहे, कारण मराठीतल्या नात्यांच्या नावांमध्ये मुलगी सासरी जाते हा रिवाज मुरलेला आहे. ‘घरजावई’ हा शब्द तुमच्या राज्यात असूच शकत नाही. तो अपवादाला दिलेले नाव आहे, आणि तुमच्याकडे प्रत्येक जावई घरातच राहतो. तिथे नाव लागेल ते उलट्या अपवादाला: नवऱ्याच्या घरी राहायला आलेल्या बाईला लोक ‘घरसून’ म्हणतील, आणि त्यात आपल्या ‘घरजावई’तली बोच जशीच्या तशी असेल. आपल्याकडे जावा एका स्वयंपाकघरात वावरतात आणि साडू लग्नकार्यात भेटतात. तुमच्याकडे साडू एका छपराखाली राहतील; जावाजावांचे रुसवे, वाटणीच्या कुरबुरी आणि एकमेकांची पाठराखण हे सगळे साडूंच्या वाट्याला येईल, आणि एरवी अडगळीत पडलेला हा शब्द तुमच्या कथेत मध्यभागी येईल.

सर्वांत मोलाचा शब्द ‘माहेर’. तो ‘मातृगृह’ यावरून आला, म्हणजे त्याच्या मूळ अर्थात केवळ आईचे घर आहे, स्त्रीपुरुषभेद नाही. आपल्या रिवाजामुळे तो फक्त बायकांचा झाला. ‘सुगी संपल्यावर तो चार दिवस माहेरी गेला’ असे एक वाक्य तुम्ही सहजपणे लिहिलेत, तर शब्द मराठी राहतो, व्याकरण मराठी राहते आणि तुमच्या राज्याची सगळी विवाहपद्धती वाचकाला एका ओळीत कळते. पाच पाने माहिती देऊनही हे साधणार नाही. हाच विचार ‘अहो’ आणि ‘अरे’ यांच्याबाबत करावा: घर बायकोचे असेल तर कोण कोणाला ‘अहो’ म्हणते, हे पहिल्या प्रकरणाआधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा, कारण तिथली एक चूक वाचकाला थेट आपल्या दिवाणखान्यात परत आणते.

म्हणी आणि वाक्प्रचारांना तीच कसोटी लावा. ‘पानिपत होणे’, ‘अटकेपार झेंडा’, ‘रामबाण’ आणि ‘भगीरथ प्रयत्न’ जातील. ‘कर्णोपकर्णी’ राहील, त्यात महाभारतातला कर्ण नसून केवळ कान आहे. खाण्यापिण्याबाबत फार काळजी नको. मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातून आले हे खरे, पण वाचकाला ते आपल्याच मातीतले वाटतात; ‘हापूस’ तेवढा टाळावा, तो वाचकाला थेट कोकणात नेतो.

शब्दसूची शक्यतो देऊ नये. ‘पाचवडा’, ‘घरसून’, ‘वहिवाटदार’ हे शब्द वाक्यातच कळतात. ‘घटका’ नव्या वाचकाला कळणार नाही असे वाटत असेल, तर पाण्यावर तरंगणारे, तळाला बारीक छिद्र असलेले आणि घटकाभराने बुडणारे घटिकापात्र एखाद्या प्रसंगात दाखवा. ‘घटका भरली’ हा प्रयोग त्याच पात्रावरून आला आहे. तरीही प्रकाशकाने सूचीचा आग्रह धरलाच, तर ती मापांपुरती ठेवा आणि नात्यांचा एकही शब्द तिच्यात घालू नका.