लेननचा आवाज खराच आहे. भांडायचंच तर कात्रीवरून भांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ हे गाणं एआयने मेलेल्या माणसाकडून गाऊन घेतलं असेल, तर ते बीटल्सचं कसं मानायचं? चाहते त्यावरून अजून का भांडतात? आणि हेच तंत्र घरच्या जुन्या कॅसेटवर चालेल का?

पहिल्या प्रश्नातलं गृहीतकच चुकलंय. त्या गाण्यातला जॉन लेननचा आवाज कोणीही बनवलेला नाही. १९७७च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीतल्या घरी पियानोवर बसून, साध्या कॅसेट रेकॉर्डरवर तो स्वतः गायलेला आहे. यंत्राने फक्त निवडटिपण केलं. तांदळातून खडे काढतात तसा पियानोतून आवाज वेगळा काढला. गोंधळ झाला जून २०२३मध्ये. पॉल मॅकार्टनी बीबीसी रेडिओवर बोलताना ‘एआय’ म्हणाला आणि अनेकांनी त्याचा अर्थ ‘नकली आवाज’ असा घेतला. नकली आवाज म्हणजे काय ते बघायचं असेल तर आपल्याकडचंच उदाहरण आहे. २०२४च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी बांबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज, कुटुंबीयांची परवानगी आणि मोबदला देऊन, एआयने नव्या गाण्यासाठी घडवले. तिथे गायक ते शब्द कधीच गायले नव्हते. लेनन गायला होता. या दोन गोष्टी एकाच पोत्यात घातल्या की पुढची सगळी चर्चा वाया जाते.

आता टेपवर नेमकं काय होतं ते पाहू. १९८०च्या डिसेंबरमध्ये लेननचा खून झाला. १९९४मध्ये त्याची पत्नी योको ओनोने त्याचे घरगुती डेमो (कच्ची रेकॉर्डिंग्ज) पॉलकडे दिले. त्यातलं ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ डिसेंबर १९९५मध्ये आणि ‘रिअल लव्ह’ मार्च १९९६मध्ये सिंगल म्हणून आलं. निर्माता जेफ लिन, काम पॉलच्या ससेक्समधल्या स्टुडिओत. ‘नाऊ अँड देन’लाही १९९५मध्ये हात लावला होता, पण लवकरच सोडून दिलं.

का सोडलं, तर कॅसेट मोनो (सगळे आवाज एकाच ट्रॅकवर), आणि रेकॉर्डरचा एकच माइक आवाज आणि पियानो दोन्ही एकत्र उचलतोय. आवाज वर घ्यावा तर पियानो सोबत वर येतो. त्यात मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची गुणगुण. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे ती गुणगुण फक्त ६०वर थांबत नाही. १२०, १८०, २४० अशी तिची पिल्लं वरपर्यंत जातात. पुरुषाच्या गाण्याचे मूळ स्वर साधारण याच पट्ट्यात असतात. फिल्टर लावून १२० आणि १८० कापलं की गुणगुण जाते, पण आवाजाची छातीही जाते, आणि टेलिफोनवरून गातोय असं वाटू लागतं. १९९५चं ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ ऐका, लेनन तसाच पातळ ऐकू येतो. ‘रिअल लव्ह’मध्ये पॉलने त्याच्या आवाजाखाली स्वतःचा आवाज जोडून खचलेली भिंत लिंपली. तिसरी अडचण लयीची. लेनन मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून बसला नव्हता, लय मागेपुढे होत होती. म्हणून त्याचा आवाज तुकड्यातुकड्याने संगणकावर तालात बसवावा लागला. एवढं करूनही ‘नाऊ अँड देन’ हाती लागेना.

फरक पडला दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या बीटल्सवरच्या ‘गेट बॅक’ माहितीपटामुळे (२०२१). १९६९च्या चित्रीकरणातले मोनो टेप सोडवायला त्याच्या माणसांनी यंत्राला शिकवलं: हा गिटार, हा ड्रम, हा जॉन, हा पॉल. अशा यंत्राला ध्वनीचा एक नकाशा दिसतो. आडवी वेळ, उभी वारंवारता, आणि त्याचे बारीक बारीक चौकोन. प्रत्येक चौकोनात आवाजाचा वाटा किती, पियानोचा किती, याचा ते अंदाज करतं आणि त्याप्रमाणे गाळणी लावतं. चुकतं कुठे, तर जिथे दोघं एकाच चौकोनात बसतात तिथे. मग कोणीतरी थोडा कापला जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ‘स’ आणि ‘श’ तर हमखास अडकतात, कारण टेपची सरसर आणि ‘स’ यंत्राला सारखेच वाटतात. ‘नाऊ अँड देन’मध्ये हे दोष फारसे जाणवत नाहीत, यात यंत्राइतकंच श्रेय वर चढवलेल्या वाद्यांचं आहे.

म्हणून मी म्हणतो, यंत्रावरून भांडू नका. भांडण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती कोणत्याही संगणकाआधीपासूनची आहे: कात्री.

लेननच्या मूळ डेमोत कडव्यानंतर, ध्रुवपदाच्या आधी, एक वेगळा तुकडा आहे. तिला गमवायचं नाही, तिचा गोंधळ उडवायचा नाही, अशा आशयाचा. शब्द अर्धे लिहिलेले, अर्धे पुटपुटलेले. चाल मात्र तिथे अचानक वेगळ्या दिशेला वळते, आणि बूटलेगवर (चोरून फिरणाऱ्या प्रतींवर) डेमो वर्षानुवर्षं ऐकलेल्यांना गाण्याचा जीव तिथेच वाटतो. २०२३च्या गाण्यात तो तुकडा नाही. कडव्यावरून थेट ध्रुवपद. पॉलच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की शब्द पूर्ण नव्हते. पण ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’मध्येही मधले शब्द अपुरेच होते; तिथे पॉल आणि बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने नवे शब्द लिहून भरले, स्वतः गायले आणि श्रेय चौघांच्या नावे दिलं. भोक दिसत होतं, ठिगळही दिसत होतं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. ‘नाऊ अँड देन’ नीटनेटकं आहे, पण मुळातलं गाणं एवढं सरळ नव्हतं.

दुसरी कात्री उलट्या बाजूची, म्हणजे जोडायची. मागचे ‘आ’ आणि ‘ऊ’ हे ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’, ‘एलिनॉर रिग्बी’ आणि ‘बिकॉज’ या १९६६ ते १९६९च्या गाण्यांतून आणून बसवलेत. आवाज खरे, माणसं खरी, पण गात होती दुसऱ्याच गाण्यासाठी. ‘लव्ह’ या २००६च्या अल्बमवर बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन आणि गाइल्स मार्टिन या बापलेकांनी हीच युक्ती वापरली होती, त्यामुळे परंपरेबाहेरची नाही. तरी शुद्धतावाद्यांनी आवाज वेगळा काढण्यापेक्षा या जोडकामावर जास्त चिडायला हवं होतं, असं मला वाटतं.

जॉर्ज हॅरिसनचा मुद्दा सगळ्यात नाजूक. १९९५मध्ये त्याला हे गाणं पुढे न्यावंसं वाटलं नाही, आणि २००१मध्ये तो गेला. त्या वेळी वाजवलेली त्याची गिटार २०२३च्या गाण्यात आहे. मधला स्लाइडचा (तारेवर नळी सरकवून वाजवायचा) तुकडा मात्र पॉलने जॉर्जच्या ढंगात वाजवलाय. पत्नी ऑलिव्हिया म्हणाली की त्याचा आक्षेप टेपच्या दर्जाला होता, आज तो आनंदाने सामील झाला असता. असेलही. वारसाच्या परवानगीने कायद्याचं काम भागतं. वादकाचं मत त्यातून कळतं असं नाही.

‘चौघं एका खोलीत नव्हते, म्हणून हे बीटल्स नाही’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. ‘येस्टरडे’मध्ये (१९६५) पॉल आणि चार तंतुवादक, बाकी तिघं नाहीत. ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’मध्ये (१९६९) फक्त जॉन आणि पॉल. आणि ‘द इनर लाइट’ची वाद्यं तर जानेवारी १९६८मध्ये मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत वाजली. वाजवणारे भारतीय कलावंत, बीटल्सपैकी हजर एकटा जॉर्ज, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येई. गळा पुढच्या महिन्यात लंडनमध्ये चढवला, शेवटी जॉन-पॉलची थोडी साथ. त्याच वाद्यवृंदाचा एक वेगळा, बिनगळ्याचा टेक २०१४मध्ये जॉर्जच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीबरोबर बाहेर आला. तो जरूर ऐका. ‘अप्रकाशित’ म्हणजे काही तरी गुप्त खजिना असतो, ही कल्पना त्याने सुटते. बहुतेक वेळा तो त्याच दिवशीचा दुसरा प्रयत्न असतो.

बरं, मरणोत्तर भर घालण्याची चाल बीटल्सपेक्षाही जुनी. अमेरिकन रॉक गायक बडी हॉली फेब्रुवारी १९५९मध्ये विमान अपघातात गेला. न्यूयॉर्कमधल्या घरी त्याने गिटार घेऊन टेपवर गायलेल्या गाण्यांवर जॅक हॅन्सन या निर्मात्याने त्याच वर्षी वादक आणि कोरस चढवून रेकॉर्ड काढल्या. त्यातलं ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ बीटल्सनी १ जानेवारी १९६२च्या डेक्का कंपनीच्या चाचणीत गायलं. म्हणजे ज्या सजवलेल्या हॉलीवर शुद्धतावादी नाक मुरडतात, त्याच हॉलीला ऐकून ही पोरं तयार झाली.

अजून काय दडलंय यावरचं भांडण वेगळ्या जातीचं. मोठं नाव म्हणजे ‘कार्निव्हल ऑफ लाइट’. ५ जानेवारी १९६७ला लंडनच्या राउंडहाउसमधल्या कार्यक्रमासाठी रेकॉर्ड केलेला, सुमारे १४ मिनिटांचा गोंगाट: ऑर्गन, विकृत केलेली गिटार, पाण्याच्या गुळण्या, ‘बार्सिलोना!’ अशी आरोळी. पॉलला तो नव्वदच्या दशकातल्या ‘अँथॉलॉजी’ या बीटल्सच्या संग्रहात घालायचा होता, जॉर्जने नकार दिला. लोक विचारतात, युरोपात तर पन्नास वर्षं अप्रकाशित राहिलेल्या रेकॉर्डिंगवरचा हक्क जातो ना? जातो, म्हणूनच डिसेंबर २०१३मध्ये ‘बूटलेग रेकॉर्डिंग्ज १९६३’ नावाने ५९ ट्रॅक घाईने विकायला ठेवले गेले. पण हक्क संपला म्हणजे टेप हातात आली असं नाही. कपाटाची किल्ली अजून त्यांच्याकडेच, आणि पॉल, ड्रमवादक रिंगो आणि जॉन-जॉर्जची दोन कुटुंबं यांचं एकमत व्हावं लागतं. माझा अंदाज विचाराल तर, तो एकदाच ऐकून लोक परत ‘पेनी लेन’ लावतील.

स्वतः मत बनवायचं असेल तर हेडफोन घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर हे काहीच कळत नाही. आधी २०२३चा ‘नाऊ अँड देन’वरचा बारा मिनिटांचा अधिकृत माहितीपट बघा, त्यात कॅसेट आणि वेगळा काढलेला आवाज दोन्ही ऐकू येतात. मग ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ची १९९५ची आणि २०२५ची आवृत्ती पाठोपाठ. पहिलं कडवं पुरे. १९९५मध्ये लेननच्या प्रत्येक ओळीला चिकटून डेमोचा पियानो धुरकट वर येतो. २०२५मध्ये आवाज मोकळा आहे. मोकळा झाल्यावर तो जास्त जवळचा वाटतो की उघडा पडलेला, यावर चाहत्यांत दोन तट आहेत. मी धुरकट बाजूचा. तो धूर तीन माणसं मित्राची कॅसेट लावून वाजवतायत हे सांगत होता.

आता घरची कॅसेट. चालेल, पण ऐंशी टक्के काम एआयच्या आधीचं आहे.

डेकचं हेड (पट्टी वाचणारा भाग) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून पट्टी चिकटलेली असते. हेडजवळच्या छोट्या स्क्रूने हेडचा कोन किंचित फिरवत, मोनोत ऐकत, तीव्र स्वर सगळ्यात स्वच्छ येतील तिथे थांबा. हे न करता केलेली प्रत कायमची बोदी राहते, पुढचं कोणतंही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही. हेडफोनच्या भोकातून नाही, लाइन-आउटमधून घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. एमपी३ नको. सरसर काढायचा मोह आधी आवरा, कारण कापलेल्या जागा यंत्राला कळत नाहीत आणि ते तिथे बुडबुडे काढतं.

वेग तपासायला गुणगुणीचाच उपयोग होतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. टेपवरची गुणगुण सॉफ्टवेअरच्या आलेखात ५२ला दिसली तर टेप चार टक्के जोरात चाललीय, तेवढी हळू करा. फक्त आधी टेप थांबवून बघा. तरीही गुणगुण ऐकू आली तर ती तुमच्या डेकची आहे, टेपची नाही.

मग आवाज वेगळा काढणारं सॉफ्टवेअर: डेमक्स किंवा अल्टिमेट व्होकल रिमूव्हर, दोन्ही फुकट आहेत. ‘गळा आणि बाकी’ असे दोनच भाग मागा. पाश्चात्त्य पॉपवर शिकलेल्या यंत्राला ड्रम आणि बास ओळखता येतात, पण आजीच्या भजनातली पेटी गळ्याला चिकटूनच येईल. पेटीचा लांब स्वर आणि गळ्याचा लांब स्वर नकाशात एकाच जागी पडतात आणि ती जोडी त्याने शिकताना फारशी पाहिलेलीच नसते. तंबोऱ्याचंही तेच. अशा वेळी वेगळा काढलेला गळा पुढे ठेवून त्याखाली मूळ टेप १० ते १२ डेसिबल खाली मिसळा. पाण्याखालचा भास बराच झाकला जातो. मूळ वेव्ह फाइलला मात्र हात लावू नका, दोन वर्षांनी याहून हुशार यंत्र येईल तेव्हा तीच लागेल.