वाचकांचे प्रश्न : कोरा पडदा, चपटं वर्तुळ

प्रश्न : बेळगावात वर्षभर दिवस किती तासांचा असतो याचं अंदाजी सूत्र प्रोजेक्टसाठी मिळालं : वाय = १२.१ + ०.९५ × साइन(२ × पाय × (एक्स − ८०) ÷ ३६५). एक्स म्हणजे १ जानेवारीपासून मोजलेला दिवस. टीआय-८४ प्लस या ग्राफ काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर भरलं तर पडदा कोराच. विंडो (अक्षांच्या हद्दी) मोठी करून बघितली तर नुसती आडवी रेघ. मशीन बिघडलंय का?
— पीयूसीची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : मशीन धडधाकट आहे. दोन चुका एकीवर एक बसल्यात, म्हणून घोळ झालाय.

पहिली विंडोची. झूम ६ (झूम बटण, मग ६) दाबलं की दोन्ही अक्ष −१० ते १० लागतात. तुमच्या सूत्राची उत्तरं ११.१५ ते १३.०५ एवढ्या पट्ट्यातली, म्हणजे सगळा ग्राफ पडद्याच्या वर. दिसणार कुठून? विंडो बटण दाबा आणि एक्स-मिन ०, एक्स-मॅक्स ३६५, वाय-मिन १०.५, वाय-मॅक्स १३.५ असं भरा. उत्तरं कोणत्या पट्ट्यात येतील हे सुचतच नसेल, तर फक्त एक्सच्या हद्दी भरून झूम ० दाबा; वायच्या हद्दी मशीन स्वतः शोधतं.

आडवी रेघ मात्र डिग्री मोडची करामत. साइनच्या कंसातली किंमत वर्षभरात साधारण −१.४ पासून ४.९ पर्यंत जाते. ते अंश आहेत असं मशीन समजलं, तर साइन शून्याजवळच घुटमळतो आणि उत्तर १२.०८ ते १२.१८ च्या पुढेमागे हलत नाही. मोडमध्ये जाऊन रेडियन करा, लाट उठेल.

मग सगळ्यात मोठा दिवस शोधायला सेकंड, ट्रेस आणि ४ (मॅक्सिमम). लेफ्ट बाउंडला १२०, राइट बाउंडला २२०, गेसला १७० टाइप करून दर वेळी एंटर. एक्स सुमारे १७१.२५ येईल, म्हणजे २० जून, वाय १३.०५, म्हणजे १३ तास ३ मिनिटं. तास दशांशात आहेत हे विसरून प्रोजेक्टमध्ये ‘१३ तास ५ मिनिटं’ लिहू नका. शेवटचे अंक थोडे इकडेतिकडे आले तरी घाबरायचं कारण नाही, मशीन अंदाज सुधारत सुधारत तिथं पोचतं.

प्रश्न : त्याच मॉडेलवर वर्गात एक्स² + वाय² = २५ काढलं. वर्तुळ अंड्यासारखं आडवं आलं आणि डावी-उजवीकडे फट राहिली. मुलं हसली.
— शिक्षिका, निपाणी

उत्तर : काळ्या-पांढऱ्या टीआय-८४ प्लसवर ग्राफ आडव्या ९५ आणि उभ्या ६३ टिंबांत बसतो. झूम ६ वर दोन्हीकडे २० एककंच कोंबायची, त्यामुळे ५ त्रिज्येला आडवी साडेतेवीस टिंबं मिळतात, उभी साडेपंधराच. झूम ५ दाबलं की आडवी हद्द ±१५.१६ होते आणि वर्तुळ गोल दिसतं.

फट त्यानं जात नाही. मशीन फक्त टिंबांच्या जागीच वाय काढतं. झूम ६ वर टिंबातलं अंतर २० ÷ ९४, म्हणजे ०.२१२८; एक्स = ५ कुठल्याच टिंबावर पडत नाही. शेवटचं टिंब ४.८९ वर, तिथं वाय अजून १.०३. पुढच्या टिंबाला वर्गमुळाखाली (वाय = ±√(२५ − एक्स²)) ऋण संख्या, म्हणून रेघ तिथंच तुटते. वर्गात दाखवायला त्रिज्या ३ घ्या आणि झूम ४ वापरा : तिथं दोन्हीकडे टिंबातलं अंतर ०.१, वर्तुळ गोलही येतं आणि मिटतंही. खालचा अर्धा भाग भरताना वजाबाकीचं नव्हे, कंसातलं ऋण चिन्हाचं बटण दाबा, नाहीतर सिंटॅक्स एरर ठरलेली.

हीच टिंबं दुसरीकडे कामाला येतात. (एक्स² − १) ÷ (एक्स − १) झूम ६ वर अखंड रेघ दिसते; झूम ४ वर एक्स = १ ला एक टिंब गायब. सलगता शिकवताना दोन्ही पडदे एकामागून एक दाखवाच.

प्रश्न : मुलाकडे एफएक्स-९९१ईएस हा ग्राफ न काढणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आहे. ग्राफवाला महागडा घ्यावा का?
— पालक, चिकोडी

उत्तर : आमच्या मते नको. फोनवर डेसमॉस किंवा जिओजिब्रा हे ग्राफ काढणारं अ‍ॅप फुकट चालतं. आणि आहे त्या मशीनवर मोड ७, म्हणजे टेबल, वापरायला शिकवा. एक्स³ − १२एक्स भरा. स्टार्ट −५, एंड ५, स्टेप ०.५. २१ ओळी येतील, त्या आलेख कागदावर मांडायच्या. स्टेप ०.२५ केली तर ४१ ओळी होतात आणि मशीन ३० च्या वर घेत नाही, एरर देतं. ३ ला उत्तर −९, ३.५ ला ०.८७५, म्हणजे मधे कुठंतरी ग्राफ अक्ष ओलांडतोय. तेवढाच तुकडा ३ ते ३.५, स्टेप ०.०५ ने परत काढला की चिन्ह ३.४५ नंतर बदलताना दिसतं.