कर्सिव्ह शिकवावं, पण त्यावरून मार्क कापू नयेत

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. शाळेत प्रत्येक उत्तर कर्सिव्हमध्येच, म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून, लिहायला लावतात. पुढे सगळं टाइपच करायचं असेल, तर हा खटाटोप कशाला? – एक पालक

उत्तर: हाताने लिहिण्याचा फायदा आणि कर्सिव्हचा फायदा यांची नेहमी गल्लत होते. २०१२ साली अमेरिकेत, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन अभ्यासले गेले. स्वतः काढायला शिकलेली अक्षरं पाहताना वाचनाशी संबंधित भाग जास्त सक्रिय झाले. गिरवलेल्या किंवा टाइप केलेल्या अक्षरांच्या वेळी तेवढे नाहीत. पण ती अक्षरं सुटी होती! फिनलंडने २०१६ मध्ये कर्सिव्हची सक्ती काढली, हाताने लिहिणं नाही. कॅलिफोर्नियात मात्र २०२४ पासून पहिली ते सहावीला कर्सिव्ह पुन्हा बंधनकारक झालं.

आमच्या मते शिकवावंच. बी आणि डी उलटसुलट लिहिणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होऊ शकतो, कारण कर्सिव्हमध्ये दोघांची सुरुवातच वेगळी: बी वर चढणाऱ्या वेटोळ्याने, डी गोल पोटाने. मात्र सुटी अक्षरं पक्की झाल्यावर, सातव्या-आठव्या वर्षी, रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. विज्ञानाच्या उत्तरात जोड चुकला म्हणून मार्क कापणं चूक आहे. मुलगी पुढे अर्धी जोडून, अर्धी सुटी लिहू लागली तरी चालेल. बहुतेक मोठी माणसं तशीच लिहितात.

प्रश्न: वर्गात मुलं एकेक अक्षर सुरेख काढतात, पण शब्द लिहिला की वाचता येत नाही. – एक शिक्षिका

उत्तर: याचं कारण बहुतेक वेळा ए ते झेड असा क्रम. त्याऐवजी हाताच्या वळणाप्रमाणे गट करा. आधी आय, यू, टी. मग सी, ए, डी, जी. मग एल, ई, एच, के. मग एन, एम. बी, ओ, व्ही, डब्ल्यू सगळ्यात शेवटी, कारण बाकीच्यांची शेपटी खालच्या रेघेवर संपते आणि या चौघांची वर. म्हणून ‘ओआर’, ‘व्हीई’, ‘डब्ल्यूआर’ हे जोड फसतात. ते वेगळे, जोडीनेच घोटवून घ्या. गट संपेपर्यंत थांबू नका. दोन अक्षरं आली की लगेच जोडायला लावा.

बाकी वहीत पाहा. ए वरून उघडा राहिला की यू वाचला जातो. ई आणि एल सारख्याच उंचीचे झाले की शब्द गेलाच. चाररेघी वहीत ई मधल्या दोन रेघांत, एल वरच्या रेघेपर्यंत. टीची आडवी रेघ आणि आयचा टिंब शब्द पूर्ण झाल्यावर. पानाच्या मागे अक्षरं उमटत असतील तर पेन्सिल फार दाबली जातेय; मऊ शिशाची टूबी पेन्सिल द्या.

प्रश्न: मुलगा डावखुरा आहे. लिहिताना मनगट वाकवतो आणि अक्षरं पुसली जातात.

उत्तर: वहीचा वरचा भाग उजवीकडे साधारण तीस अंश कलवा (उजव्या हाताने लिहिणाऱ्याची डावीकडे). पेन्सिल टोकापासून तीन सेंटिमीटर वर धरायला सांगा, म्हणजे लिहिलेलं त्याला दिसेल. हात ओळीच्या खाली राहिला पाहिजे. अक्षरं उजवीकडे झुकलीच पाहिजेत असा आग्रह नको; उभी किंवा किंचित डावीकडे झुकलेली चालतात. शेजारी उजव्या हाताने लिहिणारा मूल बसत असेल, तर याला बाकावर डाव्या टोकाला बसवा, नाहीतर दोघांची कोपरं एकमेकांना लागत राहतात.