बंदरावर बोलतो, वर्गात गप्प बसतो

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, मार्क चांगले. पण तोंडी परीक्षेला उभा केला की तोंडात मिठाची गुळणी. त्या विचारतात, ‘स्वभाव बापावर गेलाय, आत्मविश्वास मुळातच नाही. कुडाळला १० दिवसांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास आहे, फी ८ हजार. घालू का?’

ताई, तुमच्याच पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. रविवारी तो काकांच्या होडीवर जातो, लिलावाला भाव तोच बोलतो आणि व्यापाऱ्याने पाडून मागितलं तर हलत नाही. मग आत्मविश्वास मुळातच नाही, असं कसं म्हणायचं?

स्वभाव रक्तातून येतो, हे काही अंशी खरं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक दिसतो. पण अबोल असणं वेगळं आणि आत्मविश्वास नसणं वेगळं. ‘हे मला जमेल’ ही खात्री कुठून येते, ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचा शब्द, आणि छातीत धडधडतं त्याचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यांत जास्त वजन पहिल्याला.

सुरमईचा भाव त्याने काकांच्या शेजारी उभं राहून कितीदा ऐकला, मग स्वतः बोलला. वर्गात बोलायचं इंग्रजी वाक्य त्याने मोठ्याने कितीदा म्हटलंय? आपल्या दशावतारी नटाकडे लिहिलेली संहिता नसते, संवाद तो रंगमंचावरच रचतो. तोही आधी जाणत्यांचं ऐकून, छोटी सोंगं करून तयार झालेला असतो.

क्लास सध्या राहू दे. रोज रात्री जेवणं झाली की प्रात्यक्षिकाच्या वहीतला एक प्रयोग त्याने तुम्हाला समजावून सांगायचा. आधी मालवणीत, मग इंग्रजीत. कळलं नाही तर विचारा, अगदी मनापासून विचारा. पंधरा दिवसांनी तोच प्रयोग मित्राला सांगू दे, मग सरांना.

आणि एक स्पष्ट सांगते. गणपतीला चाकरमानी आले, कुणी ‘पुढे काय करणार रे?’ विचारलं, तो गप्प राहिला आणि उत्तर तुम्ही दिलंत, असं लिहिलंय. हे थांबवा. त्याला शब्द जुळवायला जरा वेळ लागतो, तेवढा द्या. मुंबईच्या चुलतभावाचं कौतुक त्याच्यासमोर नको.

मासळीत त्याचं मन रमतं, तर रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय बघा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे, १९८१ पासूनचं. बी.एफ.एस्सी. ही मत्स्यशास्त्राची पदवी ४ वर्षांची, बारावीला जीवशास्त्र हवं, सीईटी द्यावी लागते. एक दिवस काढून त्याला घेऊन जा. ऑफिसात चौकशी मात्र त्यालाच करू दे, तुम्ही बाहेर थांबा.