नुसतं भाषांतर पुरत नाही

प्रश्न : अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या वस्तीत आम्ही टाइप २ मधुमेह टाळण्याचे वर्ग घेतो. पत्रकं स्पॅनिशमध्ये आहेत, तरी महिन्याभरात लोक गळतात. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा शिकवणारा माणूस आणि वेळ. वस्तीतल्याच ‘प्रोमोतोरा’ला, म्हणजे आरोग्यसेविकेला, वर्ग घेऊ द्या, संध्याकाळी, चर्चच्या सभागृहात, मुलं सांभाळायची सोय करून. स्वयंपाक करणाऱ्यांनाही बोलवा. एकट्याचं पथ्य घरात टिकत नाही.

‘तोर्तिया (त्यांची रोजची पोळी) बंद’ म्हणालात की माणूस उठलाच! त्याऐवजी मैद्याच्या मोठ्या तोर्तियाजागी मक्याच्या दोन लहान, अर्धं ताट भाज्या, आणि राजम्यासारखा घेवडा चरबीत न परतता उकडलेला. खरा घोळ पेयांत असतो. कोलासारख्या गोड सोड्याच्या ३५५ मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते. ओर्चाता (तांदळाचं पेय), आग्वा फ्रेस्का (फळांचं सरबत) हीही गोडच. आधी तिथे कात्री लावा.

एवन्सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी, ५.७ ते ६.४ टक्के आली म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. लक्ष्य : वजनात ५ ते ७ टक्के घट, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशा बदलांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. मात्र मधुमेह टाळण्याचा अमेरिकेचा राष्ट्रीय कार्यक्रम वर्षभराचा आहे. चार व्याख्यानांत हे होत नाही.